गच्ची सर्वांची, गळती कोणाची?

संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, 'घराचं छप्पर.' फोनवर पलीकडे थोडी शांतता झाली. तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने आत्मा, मोक्ष, फार तर नीती यावर बोलावं. कौलं आणि गच्ची यांच्याशी त्याचा काय संबंध? संबंध आहे. घराचं आतलं अंग आपलं असतं, तिथे आपण हवा तो रंग लावतो. बाहेरचं अंग, म्हणजे छप्पर, बाहेरची भिंत, पन्हळ, कुंपण, हे मात्र आपलं असूनही निव्वळ आपलं नसतं. पाऊस तिथे पडतो, रस्त्यावरचा माणूस ते बघतो, शेजाऱ्याच्या अंगणात त्याचं पाणी जातं. 'मी' संपून 'आपण' कुठे सुरू होतो, हा नीतिशास्त्राचा जुनाच प्रश्न आहे. आज मी तो छपरावर उभा राहून विचारणार आहे.

आधी कोकणात जाऊ. माझं लहानपण रत्नागिरी जिल्ह्यात गेलं. तिथे वर्षाला तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि बहुतेक सगळा चार महिन्यांत. अशा ठिकाणी छप्पर हा सौंदर्याचा विषय नसतो. वैशाख लागला की शाकारणी निघायची. नळीची कौलं उतरवायची, त्यांतला पालापाचोळा, माती, शेवाळ झाडायचं, फुटकी कौलं बाजूला काढायची. वासे आणि रिपा ठोकून बघायच्या. वाळवी लागलेल्या वाशाचा आवाज पोकळ येतो. तो बदलायचा आणि मग वळचणीपासून आढ्याकडे, खालून वर, कौलं पुन्हा लावत जायची. खालून वर का? कारण वरच्या कौलाने खालच्या कौलावर पाणी सोडायचं असतं. क्रम चुकला की पाणी घरात.

हे काम एका कुटुंबाच्या हातून होत नाही. वर दोघं-तिघं लागतात, खालून कौलं पोचवणारी रांग लागते. म्हणून आज तुमच्याकडे, उद्या आमच्याकडे अशी सावड चालायची. मृग नक्षत्र ७ जूनच्या सुमारास लागतं. त्याआधी वाडीतली सगळी छपरं व्हायला हवीत, ही तारीख कुणी सभेत ठरवलेली नव्हती. ती आभाळाने ठरवलेली होती.

इथे थांबून एक सावधगिरीची सूचना. जुन्या गावाचं नाव निघालं की आपले डोळे पाणावतात. पाणावू नयेत असं मी म्हणत नाही, पण ते पुसून नीट बघावं. सावड बरोबरीच्या माणसांत चालायची. जे बरोबरीचे मानले जात नव्हते ते छपरावर चढायचे, कौलं वाहायचे, आणि बदल्यात त्यांना पसाभर धान्य मिळायचं. त्यांचं स्वतःचं छप्पर शाकारायला गावातला खोत जात नव्हता. पाण्याचा तांब्यासुद्धा वेगळा असे. तेव्हा 'पूर्वी सगळे एकमेकांना धरून होते' या वाक्यातले 'सगळे' कोण, हे विचारलंच पाहिजे.

आता एक तांत्रिक बदल बघा. १८६५ साली बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. तिथली चपटी, लाल कौलं पुढे मंगलोरी कौलं म्हणून सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरली. या कौलाला खाचा असतात, ती एकमेकांत अडकतात. वाऱ्याने किंवा माकडाने नळीचं कौल जसं सरकतं तसं हे सहज सरकत नाही. त्यामुळे दर वर्षी सगळं छप्पर उतरवायची गरज कमी झाली. चांगलंच झालं. पण त्याबरोबर दर वर्षी शेजाऱ्याला हाक मारायची गरजही कमी झाली. मग आला स्लॅब. तो तर म्हणतो, मला बघूच नका! एकदा ओतला की झालं. छपराच्या प्रत्येक सुधारणेने शेजाऱ्याची गरज एकेक पायरी खाली आणली. सुधारणा नको होती असा याचा अर्थ नाही. गरज होती तोवर जे आपोआप घडत होतं, ते गरज संपल्यावर मुद्दाम करावं लागतं, एवढाच अर्थ आहे.

आणि स्लॅब जे सांगतो ते खरं नाही. उतरतं छप्पर पाणी टाकून देतं. सपाट गच्ची ते आधी साठवते आणि मग वाट दाखवली तर सोडते. हिशेब करू. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. मुंबईत हंगामात २,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस होतो. चारशे चौरस मीटरच्या गच्चीवर किती पाणी पडलं? आठ लाख लिटर. आणि ते जाणार कुठून? कोपऱ्यातल्या चार भोकांतून, ज्यांपैकी एकात प्लॅस्टिकची पिशवी आणि दुसऱ्यात कबुतराचं घरटं असतं. (हशा)

पाणी थांबतं. कोब्याला बारीक तडा असतो, नाहीतर गच्ची आणि कठडा जिथे मिळतात तो कोपरा सुटलेला असतो. पाणी काँक्रीटमध्ये उतरतं आणि सळईपर्यंत पोचतं. लोखंड गंजलं की गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा मागतो. ती जागा नसते, म्हणून तो काँक्रीटला आतून फोडतो. खाली छताला ओल दिसते, मग पोपडे येतात, मग एका रात्री तुकडा पडतो. बाहेरच्या भिंतीचंही तसंच. पाइपामागच्या भेगेत पिंपळ उगवतो. पिंपळ म्हणून कुणी हात लावत नाही, किंवा माळी येऊन वरचा शेंडा छाटून जातो. मूळ आतच. पुढच्या वर्षी दुप्पट जोमाने.

यावर नेहमीचा उपाय कोणता? जुन्या कोब्यावर नवा कोबा. दहा सेंटिमीटर जाडीचा कोबा चौरस मीटरला साधारण २०० किलो भरतो. म्हणजे आपल्या चारशे चौरस मीटरच्या गच्चीवर ८० टन. असे दोन-तीन थर झाले की दुरुस्तीचंच ओझं इमारतीवर बसतं. आधी जुना थर काढावा, उतार तपासावा, पाणी साठवून चाचणी घ्यावी, मग काम करावं; पण त्याला वेळ आणि पैसा लागतो. आणि इथे आपण खऱ्या प्रश्नाशी येतो, कारण पैसा म्हटला की सभा आली.

दृश्य तुम्हाला माहीत आहे. सर्वसाधारण सभा. वरच्या मजल्यावरच्या बाई सांगतात, गेली तीन वर्षं आमच्याकडे बादल्या लावाव्या लागतात. दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणतात, आमच्याकडे तर काही गळत नाही. तिसरे म्हणतात, वरचा फ्लॅट घेताना हे लक्षात घ्यायला हवं होतं. चौथे घड्याळ बघतात. ठराव पुढच्या सभेवर.

जुनी आणि नवी अवस्था शेजारी ठेवून बघा. कौलारू घराचं छप्पर खासगी होतं, पण त्याची निगा सामूहिक होती. आज गच्ची सामूहिक आहे आणि तिची गळती मात्र खासगी झाली आहे. मला आज जे सांगायचं आहे त्याचा गाभा हा एवढाच आहे.

हे का होतं? स्कॉटलंडचा तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम याने हे बरोबर ओळखलं होतं. त्याच्या मानवी स्वभावावरच्या ग्रंथाचा तिसरा भाग १७४० साली निघाला. त्यातलं उदाहरण पाण्याचंच आहे. दोन शेजाऱ्यांची सामाईक कुरणाची जमीन आहे, तिच्यातलं साठलेलं पाणी काढायचं आहे. दोघांचं सहज जमतं, कारण मी अंग चोरलं तर काम बुडणार हे दोघांनाही दिसतं. पण तेच हजार जणांचं असेल तर? जुळवाजुळव अवघड, आणि प्रत्येक जण आपला त्रास आणि खर्च दुसऱ्यावर ढकलायची सबब शोधतो. ह्यूम माणसांना दुष्ट म्हणत नाही, हे लक्षात घ्या. दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ दुष्ट नाहीत. त्यांना बादली दिसत नाही, इतकंच.

ह्यूमचं उत्तर होतं राज्यसंस्था. त्याच्यानंतर अडीचशे वर्षांनी एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकन विदुषीने दाखवलं की दरवेळी सरकारच लागतं असं नाही. १९९० साली तिचं सामाईक साधनांवरचं पुस्तक आलं, २००९ साली तिला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. लोक स्वतः नियम करून सामाईक गोष्ट सांभाळतात, पण काही अटींवर: कोणाचा हक्क, कोणाचा वाटा हे स्पष्ट हवं, देखरेख हवी, चुकणाऱ्याला आधी सौम्य आणि मग कडक दंड हवा. आपल्याला यासाठी अमेरिकेला जायची गरज नव्हती. धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम या नद्यांवर शेतकऱ्यांनी फड पद्धत चालवली. बंधारा सामाईक, पाट सामाईक, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या, आणि पाणी सोडायला लोकांनीच नेमलेला पाटकरी. पाटाची साफसफाई 'सगळे मिळून बघू' यावर सोडलेली नव्हती. 'सगळे बघतील' म्हणजे कुणी बघत नाही, हे त्या शेतकऱ्यांना ठाऊक होतं.

आता आपल्या सोसायटीकडे या. कागदावर आपली व्यवस्था वाईट नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० सालचा. त्याखालच्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत स्वच्छ लिहिलं आहे: पावसाच्या पाण्याची गळती, छपराची दुरुस्ती, आणि गच्चीतून पाणी उतरल्याने वरच्या मजल्यावरच्या छताचं आणि गिलाव्याचं झालेलं नुकसान, हे सगळं संस्थेच्या खर्चाने. म्हणजे त्या बाई सभेत उपकार मागत नसतात, हक्क मागत असतात. सिंकिंग फंडासाठी वर्षाला बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का आणि दुरुस्ती निधीसाठी पाऊण टक्का वर्गणी सांगितली आहे. फ्लॅटचा बांधकाम खर्च दहा लाख धरा. दोन्ही मिळून वर्षाला दहा हजार, महिन्याला साडेआठशेच्या आत. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीची दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांवरच्या इमारतीची दर तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणी करावी, हेही त्यात आहे.

आणि गावाकडे जे नव्हतं ते इथे आहे: समान मत. फ्लॅट लहान असो, मोठा असो, जात कुठलीही असो, सभासदाला मत एक. खोताच्या वाड्यापेक्षा नैतिकदृष्ट्या ही फार वरची पायरी आहे. म्हणून मागे जा असं मी म्हणणार नाही. पण गावाकडे एक गोष्ट होती जी आपल्याकडे नाही, ती म्हणजे मृग. एक तारीख, जिच्यापुढे टाळाटाळ चालत नसे. ती आपण करून घेऊ शकतो. मे महिन्याचा पहिला रविवार गच्चीचा. सगळ्यांनी वर जायचं. आबालवृद्धांनी. पाणी जाण्याची भोकं मोकळी करायची, तडे खडूने खुणवायचे, भिंतीवरच्या पिंपळांची यादी करायची, ते मुळासकट काढायचं काम जाणकाराला द्यायचं. त्यानंतर वरच्या मजल्यावरच्या घरी जाऊन छताकडे बघायचं. ज्याने ओल डोळ्यांनी बघितली तो सभेत 'आमच्याकडे गळत नाही' म्हणताना जरा अडखळतो. ह्यूमच्या अडचणीवर माझ्या माहितीत याहून स्वस्त इलाज नाही.

कारागिराबद्दलही बोललं पाहिजे. स्वस्तात स्वस्त निविदा, दहा वर्षांच्या हमीचा कागद, आणि तिसऱ्या पावसात बंद लागणारा फोन, हा अनुभव इथे बऱ्याच जणांना असेल. जुना शाकारणीवाला हमीचा कागद देत नव्हता; तो पुढच्या वैशाखात त्याच रस्त्याने यायचा, हीच हमी. जवळचा, आपल्या पंचक्रोशीत काम करणारा माणूस निवडा, आणि त्याला दुरुस्तीबरोबर दरवर्षीच्या पाहणीचंही काम पैसे देऊन सांगा.

एक श्रोता: सर, मी वरच्याच मजल्यावर राहतो. तीन वर्षं पत्रं देतोय. कंटाळून स्वतःच्या खर्चाने वर पत्र्याची शेड घालावी असं वाटतं. चुकीचं आहे का?

तुमचा कंटाळा मला समजतो. पण शेड घातलीत की तीन गोष्टी होतील. परवानगीचा प्रश्न निघेल, गच्चीवर तुम्ही हक्क सांगता असा संशय निघेल, आणि बाकीच्यांची सुटका होईल. तिसरी गोष्ट सर्वांत वाईट. पत्र देत राहा, पोच घेत राहा, उपविधीचा उल्लेख करा. गरज पडली तर निबंधकांकडे जा. पण त्याआधी पावसाळ्यात एका संध्याकाळी कमिटीच्या पाचही जणांना घरी चहाला बोलवा. बादल्या काढून ठेवू नका. आणि चहा जिथे थेंब पडतो त्याच टेबलावर द्या.