विजेंदर सिंग विरुद्ध आमिर खान (न झालेली लढत)

भारताचा विजेंदर सिंग आणि ब्रिटनचा आमिर खान या दोन व्यावसायिक मुष्टियोद्ध्यांमधील लढत ही २०१६ नंतरच्या काही वर्षांत वारंवार चर्चिली गेलेली, परंतु प्रत्यक्षात कधीच न झालेली लढत होय. दोघेही ऑलिंपिक पदकविजेते होते आणि दोघांनीही वेळोवेळी जाहीरपणे लढतीची तयारी दर्शवली होती. दोघांच्या खेळातील उणिवाही सर्वश्रुत होत्या. चर्चेला खरी धार या उणिवांमुळेच आली, कारण एकाची कमकुवत बाजू नेमकी दुसऱ्याच्या बलस्थानासमोर येत होती.

पार्श्वभूमी

विजेंदर सिंगचा जन्म २९ ऑक्टोबर १९८५ रोजी हरियाणातील भिवानी जिल्ह्यात झाला. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ७५ किलो वजनगटात त्याने कांस्यपदक मिळवले. मुष्टियुद्धात भारताला मिळालेले हे पहिलेच ऑलिंपिक पदक होते. २०१५ मध्ये त्याने हौशी मुष्टियुद्ध सोडून व्यावसायिक क्षेत्रात प्रवेश केला. त्या वर्षी १० ऑक्टोबरला मँचेस्टर येथे सॉनी व्हाइटिंगविरुद्ध त्याची पहिली व्यावसायिक लढत झाली, तेव्हा तो तीस वर्षांचा होत आला होता. सुरुवातीच्या लढतींपैकी एक लढत मे २०१६ मध्ये बोल्टनमध्ये, म्हणजे आमिर खानच्या गावीच झाली.

८ डिसेंबर १९८६ रोजी जन्मलेल्या आमिर खानची वाटचाल याच्या उलट आहे. २००४च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये ६० किलो गटाचे रौप्यपदक मिळवले तेव्हा तो अवघा सतरा वर्षांचा होता, आणि पुढच्याच वर्षी तो व्यावसायिक झाला. २००९ मध्ये आंद्री कोटेल्निकला हरवून तो लाइट-वेल्टरवेट गटाचा विश्वविजेता बनला. २०११ मध्ये झॅब जुडाचा पराभव करून त्याने त्याच गटातील दुसरे विश्वविजेतेपदही मिळवले. त्याचे कुटुंब मूळचे पाकिस्तानी असल्यामुळे या संभाव्य लढतीला भारत-पाकिस्तान क्रीडास्पर्धेचा रंग चढला. वस्तुतः खान आयुष्यभर ब्रिटनकडूनच खेळला. तरीही आयोजकांच्या दृष्टीने हा रंग मोलाचा होता.

दोघांच्या उणिवा

खानच्या हातांचा वेग त्याच्या पिढीत अपवादात्मक मानला जाई. एकामागोमाग चार-पाच ठोसे मारून तो प्रतिस्पर्ध्याच्या टप्प्याबाहेर निघून जात असे. मात्र हल्ला करताना त्याचे हात खाली येत आणि हनुवटी उघडी पडे. ६ सप्टेंबर २००८ रोजी ब्रेइडिस प्रेस्कॉटने त्याला केवळ ५४ सेकंदांत हरवले. २०१२ मध्ये डॅनी गार्सियाने चौथ्या फेरीत, तर मे २०१६ मध्ये कानेलो आल्वारेझने सहाव्या फेरीत त्याचा पराभव केला. केवळ नाजूक जबड्याचा खेळाडू म्हणून त्याची बोळवण करणे मात्र अन्यायाचे ठरेल. डिसेंबर २०१० मध्ये मार्कोस मैदानाविरुद्ध दहाव्या फेरीत जबर मार खाऊनही तो उभा राहिला आणि गुणांवर जिंकला. चूक जबड्यापेक्षा निर्णयाची होती. मार बसला की बचावाकडे वळण्याऐवजी तो देवाणघेवाणीत उतरत असे.

विजेंदर उंच, शांत आणि अंतर राखून खेळणारा होता. सरळ उजवा ठोसा हे त्याचे मुख्य अस्त्र. जुलै २०१६ मध्ये दिल्लीत केरी होपला गुणांवर नमवून त्याने सुपर-मिडलवेट गटाचे आशिया-पॅसिफिक विजेतेपद मिळवले. तथापि त्याच्या विजयांच्या यादीत विश्वविजेत्यांच्या पहिल्या फळीतील एकही नाव नव्हते. शिवाय लढतींमध्ये मोठे खंड पडत गेले. डिसेंबर २०१७ नंतरची त्याची पुढची लढत जुलै २०१९ मध्ये, तर नोव्हेंबर २०१९ नंतरची थेट मार्च २०२१ मध्ये झाली. तिशीनंतर व्यवसायात आलेल्या खेळाडूला असे रिकामे महिने महागात पडतात.

मुंबईतील कसोटी

विजेंदरच्या मर्यादा सर्वांत स्पष्टपणे दिसल्या त्या महाराष्ट्रातच. ५ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबईत वरळीच्या एनएससीआय संकुलात त्याची गाठ चीनच्या झुल्पिकार मैमैतियालीशी पडली. दोघांचीही प्रादेशिक विजेतेपदे पणाला लागली होती. दहा फेऱ्यांनंतर तिन्ही पंचांनी विजेंदरला विजयी ठरवले, पण गुण होते ९६-९३, ९५-९४ आणि ९५-९४. म्हणजे दोन पंचांच्या मते फरक अवघ्या एका गुणाचा होता. उत्तरार्धात विजेंदरचा वेग मंदावला आणि तरुण, आक्रमक प्रतिस्पर्ध्याने त्याला मागे रेटले. डोकलाम येथे भारत-चीन तणाव सुरू असल्याने विजेंदरने जिंकलेला पट्टा परत देण्याची तयारी दाखवली आणि दुसऱ्या दिवशी त्याचीच बातमी अधिक गाजली. मुष्टियुद्धाच्या दृष्टीने मात्र या लढतीने खानच्या समर्थकांच्या हाती एक भक्कम मुद्दा दिला: दमवले तर विजेंदर हरू शकतो.

वजनाचा प्रश्न

चर्चेत बहुधा दुर्लक्षित राहिलेली अडचण वजनाची होती. खानचा नेहमीचा वेल्टरवेट गट १४७ पौंडांपर्यंतचा (सुमारे ६६.७ किलो), तर विजेंदरचा सुपर-मिडलवेट गट १६८ पौंडांपर्यंतचा (सुमारे ७६.२ किलो) आहे. हे अंतर २१ पौंडांचे, म्हणजे साडेनऊ किलोंचे होते. अशा वेळी दोन्ही बाजू मधले एखादे वजन करारात ठरवतात. १५५ पौंडांवर आल्वारेझशी लढताना खानने हा प्रयोग केला होता आणि त्याचा शेवट वर आलाच आहे. दुसरीकडे, हौशी खेळात ७५ किलोंवर लढलेल्या विजेंदरला पस्तिशीच्या आसपास १६० पौंडांच्याही खाली उतरवणे म्हणजे त्याची ताकद आधीच काढून घेण्यासारखे होते. लढत १६० पौंडांच्या वर झाली असती तर विजेंदरचे, आणि १५५च्या खाली झाली असती तर खानचे पारडे जड ठरले असते, असे म्हणता येते. निकाल रिंगणापेक्षा वजनकाट्यावर अधिक ठरणार होता.

महाराष्ट्रातील कुस्तीशी परिचित असलेल्या वाचकाला हा पेच चटकन उमगेल. घाटावर, तसेच रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर यांसारख्या आतल्या तालुक्यांत, गावजत्रेच्या आखाड्यात जोड लावली जाते ती बहुधा अंगलट पाहून, जमलेल्या जाणत्या मंडळींच्या देखत. जोड विजोड वाटली तर प्रेक्षकच आरडाओरडा करतात. जमली तर कुस्ती तिथेच होते. व्यावसायिक मुष्टियुद्धात जोड ठरते ती आयोजक, प्रक्षेपण वाहिन्या आणि वकील यांच्यात. महिनोन्‌महिने वाटाघाटी चालतात आणि प्रेक्षकाच्या मताला तिकिटाच्या किमतीइतकेच वजन असते. दोन्ही बाजूंना वेगवेगळे आयोजक असतील तर वाटाघाट आणखी लांबते.

चर्चेचा शेवट

१२ जुलै २०१९ रोजी जेद्दा येथे खानची लढत भारताच्याच, पण त्याच्या वजनाच्या जवळ असलेल्या नीरज गोयतशी ठरली होती. गोयत मोटार अपघातात जखमी झाल्याने त्याच्या जागी ऑस्ट्रेलियाचा बिली डिब उतरला आणि चौथ्या फेरीत हरला. योगायोगाने त्याच आठवड्यात, १३ जुलैला, विजेंदरने अमेरिकेतील नेवार्क येथे माइक स्नायडरला चौथ्याच फेरीत हरवले.

१९ मार्च २०२१ रोजी गोव्यात, मांडवीतील कॅसिनो जहाजाच्या छतावर, रशियाच्या आर्तिश लोपसानने पाचव्या फेरीत विजेंदरला व्यावसायिक कारकिर्दीतील पहिला पराभव दाखवला. लोपसान उंचीने त्याच्याहून सरस आणि वयाने बराच लहान होता. अपराजित भारतीय विरुद्ध माजी विश्वविजेता ही जाहिरातीची ओळच त्यामुळे निकालात निघाली.

खानने १९ फेब्रुवारी २०२२ रोजी मँचेस्टरमध्ये केल ब्रुकशी अखेर गाठ घेतली. ही लढतही दशकभर चर्चेत राहिली होती, आणि झाली तेव्हा दोघेही ३५ वर्षांचे होते. सहाव्या फेरीत पंचांनी ती ब्रुकच्या बाजूने थांबवली. मे २०२२ मध्ये खानने निवृत्ती जाहीर केली. त्या लढतीनंतरच्या चाचणीत ओस्टारिन हे निषिद्ध द्रव्य आढळल्यामुळे त्याच्यावर दोन वर्षांची बंदी घालण्यात आल्याचे एप्रिल २०२३ मध्ये जाहीर झाले. विजेंदरने १७ ऑगस्ट २०२२ रोजी रायपूर येथे घानाच्या एलियासु सुलेला दुसऱ्या फेरीत हरवले.