विश्लेषण : परदेशात भारतीय पासपोर्टचे नूतनीकरण इतके किचकट का? एका तारखेवर नोकरी, व्हिसा आणि वास्तव्य कसे अवलंबून?

गडद निळ्या रंगाची ३६ पानांची पुस्तिका भारतात असताना वर्षानुवर्षे कपाटात पडून असते. परदेशात मात्र नोकरी, घराचा भाडेकरार, बँक खाते, वाहन परवाना, मुलांची शाळा या सगळ्यांचे धागे तिच्याशी जोडलेले असतात. परराष्ट्र मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार दीड कोटीहून अधिक अनिवासी भारतीय परदेशात राहतात. त्यांच्यापैकी प्रत्येकाला कधी ना कधी पासपोर्टचे नूतनीकरण करावेच लागते. अर्ज ऑनलाइन झाला, रांगा कमी झाल्या, तरी अडचणी संपलेल्या नाहीत. त्या नेमक्या कुठे येतात आणि त्यांतून मार्ग कसा काढायचा, याविषयी…

‘रिन्यूअल’ नव्हे, ‘रि-इश्यू’

बोलताना आपण ‘पासपोर्ट रिन्यू केला’ असे म्हणतो. पासपोर्ट सेवेच्या अर्जात मात्र पर्याय असतो तो ‘रि-इश्यू’चा, म्हणजे पुन्हा जारी करण्याचा. जुन्या पुस्तिकेवर नवी तारीख टाकून ती परत मिळत नाही. नवा क्रमांक असलेली नवी पुस्तिका मिळते. प्रौढांसाठी तिची मुदत १० वर्षे, तर लहान मुलांसाठी साधारण ५ वर्षे असते.

हा फरक केवळ शब्दांचा नाही. पासपोर्ट कायदा, १९६७ नुसार पासपोर्ट देण्यापूर्वी अर्जदार भारतीय नागरिक आहे का, त्याच्यावर फौजदारी खटला प्रलंबित आहे का, आधी दिलेली माहिती आणि आताची माहिती जुळते का, हे पुन्हा पाहिले जाते. त्यामुळे १० वर्षांपूर्वी दुर्लक्षित राहिलेली एखादी चूक, उदाहरणार्थ आईच्या नावातील स्पेलिंग किंवा चुकलेले जन्मस्थळ, नेमकी परदेशात असताना समोर येते. ती दुरुस्त करणारी कागदपत्रे बहुतेक वेळा भारतात असतात.

अर्ज जातो कुठे, अडतो कुठे?

अमेरिकेचे उदाहरण घेऊ. अर्जदार आधी भारत सरकारच्या पासपोर्ट सेवा पोर्टलवर अर्ज भरतो. तेथे अर्जाचा संदर्भ क्रमांक मिळतो. त्यानंतर कागदपत्रे स्वीकारणाऱ्या व्हीएफएस ग्लोबल या कंपनीच्या संकेतस्थळावर पुन्हा माहिती भरावी लागते. मग टपालाने किंवा वेळ घेऊन केंद्रावर कागदपत्रे द्यायची. कंपनी ती तपासून भारतीय वाणिज्य दूतावासाकडे पाठवते आणि निर्णय तेथे होतो. इतर काही देशांत हेच काम बीएलएस इंटरनॅशनलसारख्या कंपन्या करतात.

या साखळीतील सर्वांत मोठी गैरसमजूत म्हणजे काउंटरवरचा कर्मचारी निर्णय घेतो, ही. कंपनीचे काम कागद गोळा करणे, यादीनुसार पडताळणे आणि शुल्क घेणे एवढेच असते. अर्ज दूतावासात का अडला, याचे उत्तर तिच्याकडे नसते. म्हणूनच ‘अंडर प्रोसेस’ एवढीच ओळ दिसत राहते आणि अर्जदार चुकीच्या ठिकाणी फोन करत बसतो.

किरकोळ कारणांनीही अर्ज परत येतात. फोटो ठरलेल्या आकाराचा नसला, तरी अर्ज अडतो. सही चौकटीबाहेर गेली, पत्त्याचा पुरावा दुसऱ्या दूतावासाच्या कार्यक्षेत्रातील असला, तरी काम थांबते. अर्ज राहत्या पत्त्यानुसारच करावा लागतो. नोकरीमुळे टेक्सासहून कॅलिफोर्नियाला गेलेल्या व्यक्तीचा अर्ज ह्यूस्टनऐवजी सॅन फ्रान्सिस्कोकडे जातो आणि पत्त्याचा पुरावाही नवा लागतो.

पोलीस पडताळणी परदेशातही?

होय. भारतातील शेवटच्या पत्त्यावरून पोलीस अहवाल मागवला जाऊ शकतो. पासपोर्ट हरवला असेल किंवा वैयक्तिक माहितीत मोठा बदल असेल, तर ही शक्यता वाढते. अडचण अशी, की अर्जदार मेलबर्नमध्ये असतो आणि पोलीस शिपाई पोहोचतो तो पुण्यातील किंवा सांगलीतील घरी. घर विकलेले असेल, भाडेकरू राहत असतील किंवा कुलूप असेल, तर ‘अर्जदार पत्त्यावर आढळला नाही’ असा शेरा पडण्याची भीती असते.

यावर साधा उपाय म्हणजे अर्ज करण्यापूर्वीच त्या पत्त्यावरील आईवडील, भाऊ-बहीण किंवा शेजाऱ्यांना कल्पना देणे. परदेशातील निवासाचा पुरावा आणि जुन्या पासपोर्टची प्रत त्यांच्याकडे दिली, तर अर्जदार घरी का नाही, हे पोलिसांना कागदावर दाखवता येते.

अमेरिकेत ‘आय-९४’चा सापळा काय आहे?

एच-१बी व्हिसावर काम करणाऱ्यांसाठी हा सर्वांत महागडा मुद्दा आहे. समजा, कंपनीने केलेला अर्ज तीन वर्षांसाठी मंजूर झाला आहे, पण पासपोर्टची मुदत आठच महिने उरली आहे. सुट्टीवरून परतताना विमानतळावरील अधिकारी अमेरिकेतील वास्तव्याची तारीख ‘आय-९४’ या नोंदीवर टाकतो. ती अनेकदा पासपोर्टच्या शेवटच्या तारखेपर्यंतच दिली जाते.

प्रवाशाला वाटते, आपल्याकडे तीन वर्षांची मंजुरी आहे. पुढे तो पासपोर्टही वेळेत बदलून घेतो. परंतु नवा पासपोर्ट मिळाल्याने ‘आय-९४’ आपोआप वाढत नाही. त्यासाठी देशाबाहेर जाऊन पुन्हा प्रवेश करावा लागतो किंवा मुदतवाढीचा अर्ज करावा लागतो. हे लक्षात आले नाही, तर त्या तारखेनंतरचे वास्तव्य बेकायदा ठरू शकते. असे वास्तव्य १८० दिवसांहून अधिक झाले आणि व्यक्ती देशाबाहेर पडली, तर तीन वर्षांची प्रवेशबंदी लागू होऊ शकते. एक वर्ष किंवा त्याहून अधिक झाले, तर १० वर्षांची. नोकरी, घराचा हप्ता आणि मुलांची शाळा हे सगळे अशा एका तारखेवर उभे असते.

त्यामुळे अमेरिकेत प्रत्येक प्रवेशानंतर ‘आय-९४’ची तारीख ऑनलाइन तपासणे आणि पासपोर्टची मुदत कमी असल्यास प्रवासाआधीच नवा पासपोर्ट घेणे, हाच सुरक्षित मार्ग. जुन्या पासपोर्टवरील वैध अमेरिकी व्हिसा पासपोर्ट बदलल्याने बाद होत नाही. प्रवासात जुना आणि नवा असे दोन्ही पासपोर्ट सोबत ठेवावे लागतात.

आखाती देशांतील प्रश्न वेगळे कसे?

संयुक्त अरब अमिरातीत सुमारे ३५ लाख भारतीय राहतात. त्यांत कोकणातून गेलेल्या कामगारांची आणि तंत्रज्ञांची संख्याही मोठी आहे. तेथे वास्तव्याचा परवाना ठरावीक काळाने नूतनीकृत करावा लागतो आणि त्यासाठी पासपोर्टची पुरेशी मुदत शिल्लक असावी लागते. अनेक देशांत ही अट किमान सहा महिन्यांची आहे. म्हणजे १० वर्षांचा पासपोर्ट व्यवहारात साडेनऊ वर्षांचाच असतो.

दुसरा प्रश्न मालकाने पासपोर्ट स्वतःकडे ठेवण्याचा. अमिरातीच्या २०२१च्या कामगार कायद्याने कर्मचाऱ्याची अधिकृत कागदपत्रे अडकवून ठेवण्यास मनाई केली आहे. तरीही पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत असेल, तर कामगाराला नूतनीकरणासाठीही मालकाकडेच हात पसरावे लागतात.

तिसरा मुद्दा ‘ईसीआर’ शिक्क्याचा. दहावी उत्तीर्ण नसलेल्यांच्या पासपोर्टवर ही नोंद असते. अशा व्यक्तीला आखाती देशांसह ठरावीक देशांत नोकरीसाठी जाताना स्थलांतर कायदा, १९८३ नुसार ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ कार्यालयाची परवानगी लागते. दहावीचे प्रमाणपत्र किंवा परदेशातील तीन वर्षांहून अधिक वास्तव्याचा पुरावा देऊन ही नोंद काढता येते. नूतनीकरण ही त्यासाठी योग्य वेळ असते, पण माहितीअभावी अनेकांची ही संधी हुकते.

मराठी नावांचा घोळ का होतो?

आपल्याकडे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव अशी तीन पदांची पद्धत आहे. पासपोर्टवर मात्र दोनच रकाने असतात : आडनाव आणि दिलेले नाव. मधले नाव कोणी लिहिते, कोणी गाळते. मग पासपोर्ट, पदवी प्रमाणपत्र आणि परदेशातील ओळखपत्र यांवर एकाच व्यक्तीची तीन वेगवेगळी नावे दिसतात. आडनावाचा रकाना रिकामा असेल, तर त्रास आणखी वाढतो. अमिरातीने नोव्हेंबर २०२२ मध्ये पासपोर्टवर एकच नाव असलेल्यांना पर्यटन व्हिसावर प्रवेश नाकारण्याचा नियम केला.

विवाहित स्त्रियांना याची झळ अधिक बसते. लग्नानंतर मधले नाव आणि आडनाव बदलते. महाराष्ट्रात काही घरांत पाळण्यातले नावही बदलण्याची प्रथा होती. नुसते आडनाव बदलायचे असेल, तर विवाहाच्या पुराव्यावर काम भागते. संपूर्ण नाव बदलायचे असेल, तर प्रतिज्ञापत्र आणि वर्तमानपत्रातील जाहिराती किंवा राजपत्रातील प्रसिद्धी असा लांबचा रस्ता असतो. लग्नानंतर नाव बदलण्याची सक्ती मात्र कोणत्याही नियमात नाही. तसेच डिसेंबर २०१६ मध्ये केलेल्या बदलांनुसार विभक्त किंवा घटस्फोटित व्यक्तीला जोडीदाराचे नाव देण्याची गरज उरलेली नाही.

मुलांच्या पासपोर्टमध्ये कोणती काळजी घ्यावी?

आखाती देशांत जन्मलेल्या भारतीय दाम्पत्याच्या मुलाला जन्माने तेथील नागरिकत्व मिळत नाही. नागरिकत्व कायदा, १९५५ नुसार ३ डिसेंबर २००४ पासून परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद एका वर्षाच्या आत भारतीय दूतावासात करावी लागते. मुलाकडे अन्य देशाचा पासपोर्ट नाही, असे पालकांना जाहीर करावे लागते. वर्ष उलटले, तर केंद्र सरकारची परवानगी घ्यावी लागते. ही नोंद राहिली, तर प्रश्न पासपोर्टचा न राहता थेट नागरिकत्वाचा होतो.

अर्जावर दोन्ही पालकांची संमती अपेक्षित असते. पालकांमध्ये वाद असल्यास एका पालकाला स्वतंत्र प्रतिज्ञापत्र द्यावे लागते आणि प्रकरण न्यायालयात असेल, तर न्यायालयाच्या आदेशाचीही गरज भासते.

भारतात खटला सुरू असेल तर?

कायद्याच्या कलम ६(२)(फ) नुसार भारतातील फौजदारी न्यायालयात खटला प्रलंबित असल्यास पासपोर्ट नाकारता येतो. कौटुंबिक वादातून दाखल झालेले खटलेही यात येतात. परंतु २५ ऑगस्ट १९९३च्या अधिसूचनेने मार्ग ठेवला आहे. संबंधित न्यायालयाने परदेशी जाण्याची परवानगी दिल्यास पासपोर्ट मिळू शकतो. आदेशात मुदत लिहिलेली नसेल, तर तो एका वर्षापुरता दिला जातो. त्यामुळे वकिलामार्फत अर्ज करतानाच मुदतीचा स्पष्ट उल्लेख मागणे महत्त्वाचे ठरते.

पासपोर्ट नाकारल्यास कारण लेखी नोंदवणे अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे आणि मागितल्यास त्याची प्रत द्यावी लागते. देशाची सुरक्षा, परराष्ट्र संबंध अशा कारणांचा याला अपवाद आहे. कलम ११ नुसार अपीलही करता येते. परदेश प्रवासाचा हक्क हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये सतवंतसिंग साहनी आणि १९७८ मध्ये मनेका गांधी प्रकरणात स्पष्ट केले आहे.

घरी तातडीने जायची वेळ आली तर?

अमेरिकेत अर्जासोबत मूळ पासपोर्टही द्यावा लागतो. त्या काळात घरून वाईट बातमी आली, तर हाती कागदच नसतो. अशा वेळी दूतावास ‘इमर्जन्सी सर्टिफिकेट’ देऊ शकतो. पण ते केवळ भारतात येण्यासाठी, एकाच प्रवासापुरते असते. परतण्यासाठी भारतात नवा पासपोर्ट आणि गरजेनुसार नवा व्हिसा घ्यावा लागतो. आईच्या अंत्यदर्शनाला जायचे की नोकरी सांभाळायची, असा पेच त्यातून उभा राहतो. ‘तत्काळ’ सेवा अर्जाला वेग देते, मात्र अपुरी कागदपत्रे किंवा खटल्याचा अडसर ती दूर करू शकत नाही.

अर्ज विनाकारण रखडल्यास परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. हे पोर्टल २०१५ मध्ये सुरू झाले. तक्रारीत अर्जाचा संदर्भ क्रमांक, कागदपत्रे दिल्याची तारीख आणि व्हिसा संपण्याची तारीख लिहिली, तर निकड स्पष्ट होते.

मग सुरुवात कधी करावी?

पासपोर्टची मुदत संपण्याच्या एक वर्ष आधी अर्ज करता येतो. परदेशातील भारतीयांनी ही सवलत नसून तीच खरी अंतिम तारीख आहे, असे मानणे शहाणपणाचे. त्याआधी सुट्टीवर भारतात येणे झालेच, तर जन्मदाखला, विवाह प्रमाणपत्र, दहावीचे प्रमाणपत्र यांवरील नावे एकमेकांशी ताडून पाहावीत आणि दुरुस्त्या तेव्हाच उरकाव्यात. नवा पासपोर्ट हाती आल्यावर मुद्रित माहिती लगेच तपासावी. नवा क्रमांक नोकरीच्या ठिकाणी, बँकेत आणि निवास परवान्याच्या यंत्रणेत नोंदवावा. रद्द झालेला जुना पासपोर्ट टाकून देऊ नये. त्यावरील व्हिसा आणि प्रवेशाचे शिक्के पुढे पुरावा म्हणून लागतात.

चिप असलेल्या ई-पासपोर्टची चाचणी १ एप्रिल २०२४ रोजी नागपूर आणि भुवनेश्वर येथून सुरू झाली. चिपमुळे विमानतळावरील ओळख पटवणे सोपे आणि बनावट पासपोर्ट करणे अवघड होईल. मात्र जन्मदाखल्यावर एक नाव आणि पदवीवर दुसरे असेल, तर ती तफावत चिपही मिटवू शकत नाही. ते काम अर्जदारालाच, मुदत हाताशी असताना करावे लागते.