निबंधाची प्रश्नपत्रिका : विचारांच्या शिस्तीची परीक्षा

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा मुख्य परीक्षेचे स्वरूप २०२५ पासून बदलले आहे. २०१२ पासून या परीक्षेतील बहुतांश प्रश्नपत्रिका वस्तुनिष्ठ होत्या. आता वर्णनात्मक पद्धती आली असून तीत निबंधाची २५० गुणांची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत तर अशी प्रश्नपत्रिका १९९३ पासूनच आहे. वर्षानुवर्षे पर्याय निवडण्याचा सराव केलेल्या तरुणांना, विशेषतः शिकवणी वर्गांपासून दूर राहणाऱ्या ग्रामीण उमेदवारांना, कोऱ्या कागदाची धास्ती वाटणे स्वाभाविक आहे. तथापि, निबंधासाठी लागणारे भांडवल विकत घ्यावे लागत नाही. ते आहे विचारांची शिस्त, आणि ती सरावाने कोणालाही साध्य होण्यासारखी आहे.

परीक्षकाची अपेक्षा

निबंधलेखकाकडून चार गोष्टी अपेक्षित असतात : विषय न सोडणे, विचारांची सुसंगत मांडणी करणे, आटोपशीर लिहिणे आणि नेमक्या शब्दांत परिणाम साधणे. यांत माहितीच्या साठ्याचा वेगळा उल्लेख नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. माहिती हवीच; परंतु ती मुद्द्याच्या सेवेसाठी. पुष्कळ उमेदवार विषयातील एखादा ओळखीचा शब्द पाहतात आणि त्याविषयी ठाऊक असलेले सारे लिहून काढतात. विषयाने विचारलेला प्रश्न मात्र अनुत्तरितच राहतो.

एक उदाहरण

समजा, ‘दुष्काळ : निसर्गाचा कोप की नियोजनाची कसोटी?’ असा विषय आला. प्रथम आपले उत्तर एका वाक्यात ठरवावे : पावसाची तूट निसर्गाच्या हाती असली, तरी तिचे दुष्काळात रूपांतर होऊ देणे वा न देणे हे पुष्कळ अंशी समाजाच्या हाती आहे. हे वाक्य निबंधाचा कणा होय.

त्यानंतर आधार शोधावेत. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात रोजगार हमीची कामे मोठ्या प्रमाणावर निघाली. त्या अनुभवातून १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने जलसंधारणाची कामे केली आणि उपलब्ध पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरविण्याची पद्धत स्वीकारली. असे दोन-तीन आधार पुरेसे असतात. मात्र प्रत्येक उदाहरणानंतर त्यातून काय सिद्ध झाले, हे सांगणारे एक वाक्य अवश्य लिहावे.

विरोधी बाजूही टाळू नये. सलग काही वर्षे पाऊस हुलकावणी देतो तेव्हा उत्तम नियोजनालाही मर्यादा पडतात, हे मान्य करून मगच आपले मत पुन्हा मांडावे. त्यामुळे लेखन दुबळे होत नाही. उलट लेखकाचा समतोल दिसून येतो. ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल याने वक्तृत्वशास्त्रात वक्त्याची विश्वासार्हता, श्रोत्यांच्या भावना आणि युक्तिवाद अशी मन वळविण्याची तीन साधने सांगितली आहेत. भावी प्रशासकाच्या निबंधात विश्वासार्हता व युक्तिवाद यांचे पारडे जड असावे. भावनेने केवळ ओलावा द्यावा.

वेळेचे नियोजन

संघ लोकसेवा आयोगाच्या प्रश्नपत्रिकेत तीन तासांत प्रत्येकी १००० ते १२०० शब्दांचे दोन निबंध लिहावयाचे असतात. म्हणजे एका निबंधास ९० मिनिटे मिळतात. त्यांपैकी पहिली १५ मिनिटे विषयाचा विचार व आराखडा यांसाठी, ६५ मिनिटे लेखनासाठी आणि १० मिनिटे फेरवाचनासाठी ठेवावीत. या हिशेबाने ११०० शब्दांसाठी मिनिटाला सरासरी १७ शब्द लिहावे लागतात. हा वेग केवळ वाचनाने येत नाही. हाताला तशी सवय लागावी लागते. आराखड्याची १५ मिनिटे वाया गेली असे वाटते, परंतु मध्येच विषय भरकटल्याने होणारे नुकसान तीच वाचवितात.

घरच्या घरी सराव

आठवड्यातून एक पूर्ण निबंध घड्याळ लावून हाताने लिहावा. उरलेल्या दिवशी रोज एका विषयाचा केवळ आराखडा तयार करावा. लिहिलेला निबंध दोन दिवसांनी वाचून प्रत्येक परिच्छेदाचे सार समासात एका ओळीत लिहावे. ज्या परिच्छेदाचे सार सांगता येत नाही, तो गाळावा किंवा पुन्हा लिहावा. गावच्या सार्वजनिक ग्रंथालयातील वृत्तपत्रांचे अग्रलेख आणि मराठी विश्वकोशातील नोंदी यांचा आधार घ्यावा. मित्राशी वह्यांची अदलाबदल केल्यास आपले दोष लवकर कळतात. पाठ केलेल्या सुरुवाती व सुभाषितांची आतषबाजी मात्र कटाक्षाने टाळावी.

मराठीला निबंधाची मोठी परंपरा आहे. लोकहितवादींनी १८४८ पासून ‘प्रभाकर’ पत्रात शतपत्रे लिहिली, तर विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली. समाजाच्या प्रश्नांचा मराठीतून साधकबाधक विचार करण्याची ही वाट जुनीच आहे. उद्या तालुक्याच्या कचेरीत बसून एखाद्या अर्जदाराच्या प्रकरणावर टिप्पणी लिहिताना अधिकाऱ्याला हीच शिस्त उपयोगी पडेल : प्रश्न नेमका कोणता, आधार काय, दुसरी बाजू कोणती आणि निर्णय काय. टिप्पणी सुस्पष्ट असेल तर त्या अर्जदाराचा एखादा हेलपाटा वाचेल. निबंधाच्या तयारीचे खरे मोल तेथे आहे.