भाववाढीचा लाभ कोणाला?
लहान शेतकरी व गावचा दुकानदार यांचा हिशेब

शेतमालाचे भाव वाढले की शेतकऱ्याचे दिवस पालटले, असा समज सर्वत्र आढळून येतो. ज्याच्याजवळ भाव चढेपर्यंत माल राखून ठेवण्याची ऐपत आहे, त्याच्यापुरता हा समज खराही आहे. परंतु अहिल्यानगर (अहमदनगर) जिल्ह्यातील पाथर्डी, जामखेड, कर्जत, पारनेर या अवर्षणप्रवण तालुक्यांतील कोरडवाहू कुटुंबाचा वर्षाचा हिशेब मांडला म्हणजे निराळे चित्र दिसते. असे कुटुंब सुगीचा महिना-दीड महिना विक्रेता असते. उरलेले वर्ष ते तेल, डाळ, कापड, खत आणि पुष्कळदा धान्यदेखील विकत घेते. सबब भाववाढीचा विचार करताना भाव किती वाढला एवढेच पाहून भागत नाही. तो वाढला तेव्हा माल कोणाच्या घरात होता, हे पाहावे लागते.

सुगीचा भाव व आषाढाचा भाव

उदाहरणादाखल एक सोपा हिशेब घेऊ. एका कुटुंबाला दुकानाची उधारी व सोसायटीचा हप्ता भागविण्यासाठी सुगीत बाजरी विकावी लागली. त्यात घरखाण्याची ४ क्विंटल बाजरीही २,००० रुपये क्विंटल दराने गेली व ८,००० रुपये हाती आले. पुढे आषाढात घरातील धान्य संपले, तोवर भाव २,६०० रुपये झालेला. तीच ४ क्विंटल बाजरी परत घेण्यास १०,४०० रुपये लागले. भाव वाढला खरा, पण या बाजरी पिकविणाऱ्याला त्यात २,४०० रुपयांचा तोटा झाला.

मजुरीवर अवलंबून असणाऱ्याची अडचण याहून बिकट असते. या भागातून अनेक कुटुंबे ऊसतोडणीस जातात. तोडणीचा दर काही वर्षांच्या कराराने ठरतो. मधल्या काळात बाजारभाव चढले तरी दर तोच राहतो. म्हणजे मजुरी रुपयांत तीच असली तरी तिच्यात येणारे धान्य व तेल कमी होत जाते.

शेतीखर्चाची वाढ

भाववाढीचा दुसरा मार खर्चाच्या बाजूने बसतो. डीएपी खतासाठी लागणारा कच्चा माल, तसेच बरेचसे तयार खतही, परदेशातून येते. तेथील किमती वाढल्यामुळे २०२१ च्या एप्रिलमध्ये डीएपीच्या ५० किलोच्या गोणीची किंमत १,२०० रुपयांवरून १,९०० रुपयांवर गेली. मे महिन्यात केंद्र शासनाने गोणीमागील अनुदान ५०० वरून १,२०० रुपये केले, तेव्हा ती पुन्हा १,२०० वर आली. २०२२ मध्ये ती १,३५० रुपये झाली. अनुदान नसते तर वाढीचा सारा भार शेतकऱ्यावरच पडला असता. डिझेल, बियाणे, औषधे व मशागतीचे भाडे यांवर मात्र असे छत्र नाही. शिवाय हा खर्च पेरणीपूर्वीच करावा लागतो. पिकाला काय भाव येईल हे त्या वेळी कोणासही ठाऊक नसते.

कांद्याचा अनुभव

पारनेर, राहुरी, नेवासे, श्रीगोंदे या तालुक्यांत कांदा हे रोख पैशाचे पीक आहे. येथे भाववाढीची आणखी एक बाजू दिसून येते. शहरात कांदा महागला की ग्राहकास दिलासा देण्यासाठी निर्यातीवर बंधने येतात. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क बसले व ८ डिसेंबर २०२३ रोजी निर्यात बंद झाली. ती ४ मे २०२४ रोजी किमान निर्यातमूल्य व शुल्क यांसह खुली झाली आणि उरलेले शुल्क १ एप्रिल २०२५ पासून उठले. भाव चढला की त्यास असा आळा बसतो. उतरलेल्या भावाने मात्र लागवडीचा झालेला खर्च कमी होत नाही. मोठा बागाईतदार एका हंगामाचा तोटा दुसऱ्या हंगामात भरून काढतो. एकरभर कांदा करणाऱ्याला ते शक्य होत नाही, कारण पुढच्या लागवडीचे भांडवल त्याच कांद्यातून यावयाचे असते.

दुकानदाराची कोंडी

भाव वाढला की गावचा किराणा दुकानदार गबर होतो, असेही म्हटले जाते. साठा करणाऱ्या बड्या व्यापाऱ्याच्या बाबतीत ते खरे असेल. वाडीवस्तीवरचा दुकानदार किंवा काष्टी, घोडेगाव, मिरजगावच्या आठवडे बाजारात पाल मांडणारा यांची स्थिती तशी नसते.

समजा, एका दुकानदाराने २०,००० रुपयांचे २०० किलो तेल १०० रुपये दराने आणले व १०५ रुपये दराने उधारीवर विकले. चार महिन्यांनी सुगीवर २१,००० रुपये वसूल झाले. वहीत १,००० रुपयांचा नफा दिसतो. परंतु तोवर घाऊक भाव १२५ रुपये झाला असेल, तर त्या रकमेत १६८ किलोच तेल येईल. नफा होऊनही दुकानातून ३२ किलो माल नाहीसा झाला! हा प्रकार केवळ कल्पनेतला नाही. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येते. २०२२ च्या एप्रिलअखेरीस इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात काही आठवडे थांबविली, त्याची झळ आपल्या खेड्यांपर्यंत पोहोचली. अशा वेळी दुकानदार उधारी आखडती घेतो आणि ज्याला तिची सर्वांत अधिक गरज, त्यालाच ती मिळत नाही. शेतकरी व दुकानदार हे येथे एकमेकांचे वैरी नसून एकाच दोराने बांधलेले आहेत.

जुना धडा

या जिल्ह्याने याची किंमत पूर्वी मोजली आहे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) मुंबई इलाख्यात कापसाला चढा भाव आला, पैसा खेळू लागला व सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली. युद्ध संपताच भाव कोसळले; पुढे जमीनमहसुलाची आकारणीही वाढली. कर्ज मात्र होते तेथेच राहिले, किंबहुना व्याजाने फुगले. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे उद्रेक झाला व तो पारनेर, श्रीगोंदे, नगर, कर्जत या तालुक्यांत पसरला. लोकांचा रोख कर्जरोखे हस्तगत करून जाळण्यावर होता. १८७९ मध्ये शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा करावा लागला. चढ्या भावाच्या भरवशावर काढलेले कर्ज उतरत्या भावात फेडावे लागते, हा त्यातील बोध आजही लागू आहे.

काय करावे?

१) सुगीत प्रथम घरखाण्याचे व बियाण्याचे धान्य मोजून बाजूस काढावे, उरेल तेवढेच विकावे.

२) पैशाची निकड असल्यास धान्य विकण्यापूर्वी तारण कर्जाची चौकशी करावी. राज्य कृषी पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत, ती राबविणाऱ्या बाजार समितीकडे धान्य ठेवून पिकानुसार किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज ६ टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी मिळते. वरील उदाहरणातील ८,००० रुपयांच्या बाजरीवर, समजा, ६,००० रुपये मिळाले, तर सहा महिन्यांचे व्याज १८० रुपये होईल. २,४०० रुपयांच्या तोट्याशी हा आकडा ताडून पाहावा. अर्थात भाव वाढेलच अशी हमी नसते. म्हणून मुदतीत फेड करण्याची तजवीज आधी करावी.

३) खताची मात्रा माती परीक्षणावरून ठरवावी. गोणीवरील छापील किमतीपेक्षा जादा पैसे देऊ नयेत व पावती अवश्य घ्यावी.

४) साठवणीचा कांदा एकाच भावाच्या आशेवर न ठेवता टप्प्याटप्प्याने विकावा.

५) दुकानदार बंधूंनी नफा रुपयांबरोबरच मालाच्या वजनातही मोजावा. उधारीस मुदत व मर्यादा घालावी आणि ती आधीच सांगावी. चार-पाच दुकानदारांनी मिळून घाऊक खरेदी केल्यास वाहतूक स्वस्त पडते.

६) चांगल्या भावाच्या वर्षी नवे कर्ज न काढता जुने फेडावे.

बाजाराचे भाव लहान शेतकऱ्याच्या हाती नाहीत. परंतु कोणता माल केव्हा विकावा आणि कोणते कर्ज काढावे, यातील काही भाग त्याच्या हाती आहे. त्यासाठी घरात एक वही असावी व दर बाजारच्या दिवशी तीत चार ओळी लिहिल्या जाव्यात. आषाढात घरात धान्य असेल की नाही, याचा निर्णय कार्तिकातच होत असतो.