उतरंडीचे अर्थशास्त्र

ग्रामीण कुटुंबाच्या अर्थव्यवहाराची चर्चा करताना पिकाचे उत्पन्न, मजुरीचे दर आणि कर्जाचा बोजा यांचा ऊहापोह भरपूर होतो. पण घरात आलेल्या धान्याचे दोन वेळचे जेवण कसे होते, त्याला वेळ किती लागतो, जळण किती लागते आणि रोख पैसा किती मोडावा लागतो, या प्रश्नांकडे सहसा कोणी वळत नाही. स्वयंपाक ही बायकांची बाब, तिच्यात अर्थशास्त्र ते कसले, असा एक समज त्यामागे असतो. तो किती चुकीचा आहे हे मृगाच्या पेरणीपासून पोळ्यापर्यंतच्या दिवसांत मराठवाड्यातील कोणत्याही खेड्यात दिसून येते.

हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यातील आखाडा बाळापूर हे नांदेड-हिंगोली मार्गावरील बाजारपेठेचे गाव. येथे कृषी उत्पन्न बाजार समिती आहे आणि आसपासच्या खेड्यांचा शेतमाल या पेठेत उतरतो. सोयाबीन, हळद, हरभरा, तूर आणि कापूस ही या भागातील प्रमुख पिके. पेरणीनंतर बियाणे-खतांवर पैसा खर्च झालेला असतो आणि नवे पीक हाती येण्यास अवकाश असतो. खुरपणीला गेलेली बाई दिवस मावळता घरी येते. त्या वेळी हाताशी रोकड नसते, बाजारात भाजी महाग झालेली असते आणि चुलीपुढे बसायला अर्ध्या तासाहून अधिक उसंत नसते. अशा परिस्थितीत स्वस्त आणि झटपट जेवण ही हौसेची गोष्ट राहत नाही. ती निकडीची गरज ठरते.

साठवलेले श्रम

या गरजेला येथील समाजाने पूर्वीच एक उत्तर शोधून ठेवले होते. ते म्हणजे घरातील उतरंड. हरभऱ्याच्या डाळीचे पीठ असले की पाण्याला आधण येताच पिठले होते. धान्ये, डाळी आणि मसाले भाजून दळलेला येसर उकळत्या पाण्यात कालवला की आमटी तयार होते. सांडग्यांचा रस्सा, सुकवलेल्या गवारीची किंवा वांग्याची भाजी, शेंगदाण्याची, जवसाची नाहीतर कारळाची चटणी आणि जोडीला ज्वारीची भाकरी एवढ्यावर घरचे जेवण निभावत असे. मुरमुरे भिजवून फोडणीला टाकले की सुशीला होई. यांपैकी कशालाही त्या दिवशी बाजारात जावे लागत नसे.

हे जेवण झटपट होते याचा अर्थ त्याला श्रम कमी लागत होते, असा मात्र नव्हे. ते श्रम चैत्र-वैशाखात, शेतीची कामे थंडावलेली असताना आधीच केलेले असत. निवडणे, भाजणे, दळणे आणि उन्हात वाळवणे हे सारे पुढच्या अडचणीच्या दिवसांसाठी केलेली गुंतवणूकच होती. शहरी कुटुंबात आज शीतकपाटाने जे काम पत्करले आहे, ते येथे कडक उन्हाने केले आणि त्याला विजेची गरज लागली नाही. वीज गेली तर गोठवलेला वाटाणा वाया जातो. सांडगे वर्षभर टिकतात.

तथापि या व्यवस्थेचे निव्वळ गोडवे गाण्याचे कारण नाही. ती सर्वस्वी स्त्रियांच्या बिनमोल श्रमावर उभी होती. 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार देशात घरकाम करणारी स्त्री दिवसाला सरासरी 299 मिनिटे या बिनपगारी कामात घालवते, तर त्यात हातभार लावणाऱ्या पुरुषाची सरासरी 97 मिनिटांची आहे. शिवाय ज्यांच्याकडे जमीनच नव्हती, त्यांची उतरंड कधीच पुरी भरली नाही. 1972 च्या दुष्काळात तर ज्यांची भरलेली होती त्यांचीही रिकामी झाली आणि दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी व शिधावाटपातील परदेशी मिलो यांवर असंख्य कुटुंबांना दिवस काढावे लागले.

शेत बदलले, कोठी बदलली

त्या दुष्काळानंतरच्या दशकांत खरी उलथापालथ झाली ती शेतात. ऐंशीच्या दशकापासून सोयाबीन महाराष्ट्रात पसरत गेले आणि खरीप ज्वारी मागे हटली. शेतकऱ्याचा हिशोब त्यात चुकला असे म्हणता येणार नाही. सोयाबीन सुमारे शंभर दिवसांत हाती येते, त्याचा रोख पैसा होतो आणि रान रब्बी हरभऱ्यासाठी मोकळे होते. उलट खरीप ज्वारी काढणीच्या वेळच्या पावसाने काळी पडते, पाखरे ती खातात आणि बैलजोड्या कमी झाल्यावर कडब्यालाही पूर्वीची किंमत उरली नाही.

परंतु ज्वारी शेतातून थेट कोठीत येत होती, सोयाबीन थेट अडतीवर जाते. ते तुरीसारखे शिजवून खाण्याची आपल्याकडे रीत नाही. तेव्हा त्याचे तेल गिरणीत निघते आणि चोथ्याच्या वड्या पुडीत बंद होऊन खेड्यातल्या दुकानात परत येतात. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक आयात होते. त्यात पामतेलाचा वाटा मोठा आहे. म्हणजे तेलबिया पिकवणाऱ्याच्या घरातली फोडणीही पुष्कळदा परदेशी तेलाची असते. कोठीतला प्रत्येक जिन्नस असा रोखीचा झाला आणि रोकड तर पेरणीनंतरच्या महिन्यांत सर्वांत कमी.

ही पोकळी पुडीबंद खाद्यपदार्थांनी भरून काढली. 1983 साली भारतात आलेल्या झटपट शेवया आता खेड्यापाड्यांतील टपरीवर मिळतात. त्या विकत घेणाऱ्या आईला दोष देणे सोपे आहे. पण ती वेळ विकत घेत असते, हे ध्यानात घेतले पाहिजे. प्रश्न एवढाच की, त्या किमतीत मैदा, तेल आणि मीठ पुष्कळ मिळते, प्रथिने मात्र थोडी. भाकरी-पिठल्यात धान्य आणि डाळ एकमेकांच्या प्रथिनांतील उणीव भरून काढतात. तो लाभ या व्यवहारात गमावला जातो.

शिधा आहे, कालवण नाही

शासनाने या बाबतीत काहीच केले नाही, असे नाही. 2013 च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने अल्पदराचे धान्य हा हक्क झाला आणि जानेवारी 2023 पासून ते धान्य मोफत मिळू लागले. तथापि त्यात मुख्यतः गहू आणि तांदूळ असतात. कालवणासाठी डाळ व तेल लागते, हे शासनाला ठाऊक नाही असेही नव्हे. 2022 च्या दिवाळीत 100 रुपयांत रवा, हरभरा डाळ, साखर आणि तेल देणारा 'आनंदाचा शिधा' त्याचीच साक्ष देतो. पण दिवाळी येते ती सोयाबीन निघाल्यावर. टंचाई असते आषाढ-श्रावणात. अन्न सुरक्षा कायद्याबाहेरील केशरी शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांना, हिंगोलीसह 14 जिल्ह्यांत, धान्याऐवजी माणशी दरमहा 150 रुपये देण्याचा निर्णय 2023 मध्ये झाला. त्यामुळे त्यांची कोठी बाजारावरच अधिक विसंबली.

शिजवलेले अन्न पुरवण्याचे प्रयोगही झाले. 1995 मध्ये एक रुपयात झुणका-भाकर आली आणि काही वर्षांतच बंद पडली. 26 जानेवारी 2020 पासून दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू झाली. शहरातील मजुराला तिचा आधार मोठा. परंतु खुरपणीहून तिन्हीसांजेला वस्तीवर परतणाऱ्या बाईला तिचा उपयोग काय? तिला थाळी नको आहे. भरलेला डबा हवा आहे.

करण्याजोगे

तो डबा तिच्या एकटीच्या श्रमाने पुन्हा भरावा, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. पण भरण्याची सामग्री अजून शिवारात आहे. हरभरा आणि तूर येथे आजही पिकते; फक्त ती कच्ची विकली जाते आणि डाळ व पीठ होऊन चढ्या भावाने परत येते. 1959 साली गिरगावात सात स्त्रियांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून लिज्जतचा प्रचंड उद्योग उभा राहिला. घरगुती वाळवणाला मोल मिळू शकते, याचा याहून मोठा दाखला नको. 2020 पासूनच्या केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत बचत गटाच्या सदस्याला 40,000 रुपयांपर्यंत बीजभांडवल आणि यंत्रसामग्रीवर 35 टक्के अनुदानाची तरतूद झाली. बाळापूरसारख्या पेठेच्या गावी डाळगिरणी, भाजणीचे यंत्र आणि सौर वाळवणयंत्र चालवणारे गट उभे राहिले, तर येसर, बेसन आणि सांडगे मजुरी देऊन तयार होतील आणि शेजारच्या खेड्यांत परवडणाऱ्या भावात विकले जातील.

मात्र या मालाला खात्रीचे गिऱ्हाईक हवे. ते शासनाने व्हावे. जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांत तरी शिधापत्रिकेवर ज्वारी, डाळ आणि स्थानिक गटांचे बेसन द्यावे. गव्हा-तांदळावरील खर्चाच्या मानाने हा भार जड नाही. त्यातून ज्वारी पेरणाऱ्यालाही बाजार मिळेल आणि गटातील स्त्रीला मजुरी. अन्नसुरक्षा म्हणजे गोदामात किती टन धान्य आहे एवढेच मोजणे नव्हे. दिवसभर राबून आलेल्या बाईला अर्ध्या तासात लेकरांपुढे पोटभर आणि कसदार ताट मांडता येते की नाही, ही तिची खरी कसोटी आहे.