केमोनंतरची मळमळ आणि घरची माणसे
केमोथेरपीनंतरची मळमळ पहिल्या २४ तासांत होते, तशी नंतरही काही दिवस रेंगाळू शकते. सिसप्लॅटिन या केमोच्या औषधानंतर तर विशेषच. त्यामुळे डॉक्टरांनी नेमून दिलेली उलटीवरची गोळी वेळेवर द्या, मळमळण्याची वाट पाहू नका.

वासाचा त्रास घरच्यांच्या लवकर लक्षात येत नाही. लसणाची फोडणी, तळण, मासे, अगदी उदबत्तीसुद्धा नकोशी होते. गरम जेवणापेक्षा कोमट पेज किंवा मऊ भाताचा वास कमी येतो. थोडे थोडे द्या, पाणी घोटाघोटाने पाजा. ‘अजून दोन घास’ हा प्रेमाचा आग्रह मात्र या दिवसांत खरोखर सोडा. पाणीही पोटात टिकेना, लघवी कमी झाली किंवा ताप १००.४ अंश फॅरनहाइटवर गेला, तर रात्र असली तरी लगेच रुग्णालयाला फोन करा.