नाकाचंही ऐका

मैत्रिणींनो, स्थळ बघताना आपण पगार, शेती, घर सगळं विचारतो. मुलीच्या नाकाला कुणी विचारत नाही! १९९५ साली स्वित्झर्लंडच्या बर्न विद्यापीठात क्लाउस वेडेकिंड यांनी ४४ तरुणांना दोन रात्री एकच टी-शर्ट घालायला लावला आणि ४९ तरुणींना ते हुंगायला दिले. ज्यांची प्रतिकारशक्तीची जनुकं आपल्याहून वेगळी, त्यांचा वास मुलींना जास्त बरा वाटला. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांचं मात्र उलट. पुढच्या प्रयोगांत दरवेळी असंच निघालं नाही, तेव्हा यावरून कुणी पत्रिका जुळवू नये. पण आमच्या केंद्रात आलेली एक नवी नवरी मान खाली घालून म्हणाली, "ताई, माणूस चांगलाय, स्वच्छ राहतो, पण वासच नको वाटतो." सासू म्हणे, थेरं! मी सासूबाईंना बाहेर बसवलं आणि तिला म्हटलं, "हं, बोल."